तंबाखूच्या मुलखातील रेशीमकिडा

आमच्याकडील कोणत्याही जुन्या घरातली ट्रंक उघडून पाहावी. तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एखादा शालू, लग्नातले पीतांबर आणि देवपूजेचा मुकटा हमखास सापडतो. सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात रेशमाला जो मान, तो सुताला कधीच मिळाला नाही. सूत विटाळते, रेशीम विटाळत नाही, अशी आमच्या आज्यांची ठाम समजूत होती. परंतु ज्या जिवाने हा धागा काढला, त्याला आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिले असेल? बोरगाव, निपाणी, चिकोडी या आमच्या पट्ट्यात तर फारच थोड्यांनी. हा मुलूख तंबाखूचा, आणि आता उसाचा. पलीकडे इचलकरंजीत रात्रंदिवस यंत्रमाग खडखडतात, पण ते सुताचे. रेशीम हवे असेल तर बेळगावला जावे, शहापूर-वडगावच्या पेठेत बसावे, नाहीतर इलकलचे लुगडे घेऊन त्याच्या रेशमी पदरावर समाधान मानावे, अशीच रीत होती.

अलीकडे मात्र या किड्याची चौकशी अगदी निराळ्या दिशेने येऊ लागली आहे. अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी घरांतील नातवंडे कुत्र्यामांजरांऐवजी सरडे पाळू लागली आहेत. बिअर्डेड ड्रॅगन म्हणून ऑस्ट्रेलियाच्या वैराण प्रदेशातला एक काटेरी गळ्याचा, स्वभावाने मोठा गरीब सरडा आहे. लेपर्ड गेको नावाची ठिपकेदार पाल आहे. यांना खाऊ म्हणून काय द्यावे? तर रेशमाच्या अळ्या! तिकडे त्यांची अंडी विकत मिळतात. मुले ती घरीच उबवून अळ्या वाढवतात. दूरध्वनीवर हे ऐकणाऱ्या आजीला क्षणभर काय बोलावे ते सुचत नाही. जिच्या धाग्याचे वस्त्र नेसून आपण देवापुढे बसतो, ती अळी सरड्याच्या तोंडी? पण धक्का ओसरला की तिच्या लक्षात येते की नातवाला त्या अळीची जात, तिची भूक, तिची कात आणि तिचे आजार यांची जेवढी माहिती आहे, तेवढी शालू नेसणाऱ्या आपल्या तीन पिढ्यांना नव्हती. म्हणून अंड्यापासून कोषापर्यंत या जिवाचा सांभाळ कसा करतात, ते वाचकांपुढे एकदा सविस्तर मांडावे असे आम्हांस वाटले.

पहिली गोष्ट ही, की हा किडा रानचा नव्हे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये माणसाने तो घरात घेतला, आणि तेव्हापासून तो इतका घरचा झाला की रान विसरला. गाय सुटली तर चार दिवस कुरणात पोट भरील. हा किडा तुतीच्या झाडावर सोडला तरी धड टिकणार नाही. पक्षी आला तर तो लपत नाही, पाने संपली तर दुसऱ्या फांदीच्या शोधात फारसा जात नाही. त्याच्या पतंगाला पंख आहेत, पण ते नुसते फडफडतात. त्याला उडता येत नाही. पतंगाला अन्न घेण्याजोगे तोंडही नाही. विदर्भात गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचा किडा वाढवतात. तो निम्मा रानटी, उघड्यावर राहणारा. आमचा तुतीवरचा किडा मात्र माणसाच्या हातावर जगतो. त्याचे अंडे उबवावयास ठेवणे म्हणजे पुढील महिनाभराची बांधिलकी पत्करणे होय.

कर्नाटकात हा उद्योग रुजला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, टिपू सुलतानाच्या काळात. त्याने बंगालमधून किडे आणि माहितगार मिळविण्याचा यत्न केला. पुढे तो खालावला, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमशेटजी टाटांनी बंगळूरला जपानी तज्ज्ञांच्या मदतीने रेशीमशेती उभी केली. 'टाटा सिल्क फार्म' हे तेथील वस्तीचे नाव आजही त्याची आठवण ठेवून आहे. 1912 साली म्हैसूरचा रेशीम कारखाना निघाला, 1949 साली केंद्रीय रेशीम मंडळ स्थापन झाले, आणि रामनगरचा कोषबाजार तर आशिया खंडात मोठा म्हणून गाजला. मराठी मुलखातही यत्न झालेच नाहीत असे नव्हे. 1830 नंतरच्या दशकात मुत्ती नावाच्या एका इटालियन गृहस्थाने पुण्याजवळ तुती लावून रेशीम काढण्याचा उद्योग मांडला होता. दख्खनच्या रेशीमशेतीवर त्याने एक पुस्तिकाही लिहिली. तो उद्योग टिकला नाही. आज मात्र बीड-जालन्याकडील शेतकरी कोरडवाहू संसाराला जोड म्हणून तुती लावतात, आणि 2018 पासून जालन्यात कोषांचा बाजार भरतो.

आता अंड्याकडे वळू. खसखशीच्या दाण्याएवढे, किंचित चपटे असे हे अंडे असते. एक मादी साधारण चारशे ते पाचशे अंडी घालते, आणि त्या एका घालणीस आमचे शेतकरी 'अंडीपुंज' म्हणतात. दक्षिणेतील जुन्या, वर्षातून अनेक पिढ्या होणाऱ्या जातींची अंडी दहाएक दिवसांत आपोआप फुटतात. ज्या जातींना थंडीची झोप लागते, त्यांची अंडी घातल्यावर दोन-तीन दिवसांत पिवळ्याची करडी-जांभळी होतात, आणि महिनोन् महिने गारव्यात ठेवल्यावाचून उमलत नाहीत. परदेशी मुलांना मिळतात ती बहुधा या दुसऱ्या प्रकारची. म्हणून ती दुधाच्या कपाटात, म्हणजे फ्रीजमध्ये, ठेवता येतात आणि हवी तेव्हा बाहेर काढता येतात. जी अंडी पिवळीच राहिली ती फळलेली नाहीत असे समजावे.

उबवणीस पंचवीस ते अठ्ठावीस अंश उष्मा आणि दमट हवा लागते. पण दमट म्हणजे ओली नव्हे. डबीच्या झाकणावर पाण्याचे थेंब जमून अंड्यांवर पडू लागले की अंडी बुरसतात. फुटण्याच्या दोन दिवस आधी अंड्यावर एक काळा ठिपका दिसू लागतो. ते आतल्या अळीचे डोके. मग सगळे अंडे निळसर होते. या वेळी आमच्या चॉकीघरांतून (लहान अळ्या वाढविण्याच्या जागेला चॉकीघर म्हणतात) एक सुरेख युक्ती करतात. अंड्यांचे कागद काळ्या कापडात गुंडाळून दोन दिवस काळोखात ठेवतात, आणि मग पहाटे एकदम उजेडात उघडतात. काळोखात थबकलेल्या अळ्या उजेड पाहताच एकाच सकाळी झुंडीने बाहेर पडतात. एका दिवशी जन्मलेली अळी एका दिवशी कात टाकते आणि एका दिवशी कोष करते, म्हणून हा खटाटोप. नाहीतर एक अळी उपाशी, एक झोपलेली आणि एक अधाशी, असा सावळागोंधळ माजतो.

नवजात अळी तीन मिलिमीटर लांब, काळी, केसाळ असते. तिला मुंगी म्हणावे की धागा असा प्रश्न पडावा. तिला बोटाने उचलू नये. मऊ पिसाने किंवा चित्रकलेच्या बारीक कुंचल्याने अलगद पानावर घ्यावे. शेंड्याकडची कोवळी तुतीची पाने बारीक चिरून द्यावीत, अगदी कोशिंबिरीसाठी चिरावीत तशी. तुती मिळत नसेल तेथे तुतीच्या वाळल्या पानांची भुकटी घालून शिजवलेले एक प्रकारचे पेंड विकत मिळते, आणि परदेशातील मुले बहुधा त्यावरच अळ्या वाढवतात. मात्र ताज्या पानाची चव लागलेली अळी पुन्हा त्या पेंडाकडे सहसा वळत नाही!

बीज निरोगी हवे, हे तर सर्वांत आधी. 1865 साली फ्रान्समधील रेशीमधंदा एका रोगाने बुडावयास आला, तेव्हा लुई पाश्चर यांना तिकडे पाठविण्यात आले. त्यांनी तोवर रेशीमकिडा हाताळलाही नव्हता. पुढील पाच वर्षांत त्यांच्या मुली वारल्या, 1868 साली त्यांना स्वतःला अर्धांगाचा झटका आला, तरी काम थांबले नाही. शेवटी त्यांनी दाखवून दिले की हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. म्हणून अंडी घालून झाल्यावर मादीच सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी, आणि ती रोगी निघाल्यास तिची अंडी जाळून टाकावीत. आजही सरकारी अंडीपुंज केंद्रांतून नेमके हेच होते. 'रोगमुक्त अंडीपुंज' हा शब्द आपण सहज वापरतो. त्यामागे एका माणसाची पाच वर्षे आहेत.

आता आमच्या मुलखापुरता जो मुद्दा, तो सांगतो. वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण मराठवाड्याच्या शेतकऱ्याला याची तितकी धास्ती बाळगावी लागत नाही.

रेशमाच्या अळीचा सर्वांत मोठा वैरी मुंगी नव्हे, पाल नव्हे, की 1980 साली बंगालमधून कर्नाटकात शिरलेली उझी माशीही नव्हे. निदान निपाणीच्या परिसरात तरी तो तंबाखू होय. तंबाखूतील निकोटीन हे कीटकांचे विषच आहे. एके काळी तंबाखूचा काढा पिकांवर फवारीत असत तो याच गुणामुळे. तंबाखूच्या शेताला लागून तुती असेल, तर त्या झाडापासून उडणारा विषाचा अंश तुतीच्या पानांवर बसतो. पान दिसावयास हिरवेगार. पण अळीने खाल्ले की थोड्याच वेळात ती खाणे सोडते, अंगाचा पुढला भाग उंच उचलून ताठ होते, तोंडातून हिरवट रस ओकते आणि लुळी पडते. मात्रा थोडी असेल आणि लगेच मोकळ्या हवेत ठेवून स्वच्छ पाला दिला तर काही अळ्या सावरतात. अधिक असेल तर सगळा ताटवा हातचा जातो. म्हणूनच तुतीचा मळा तंबाखूपासून निदान शंभर मीटर तरी दूर असावा असे या विषयाची पुस्तके सांगतात. ज्या गावात बांधाला बांध लागून तंबाखू उभा, खळ्यावर तंबाखू, वखारीत तंबाखू, तेथे शंभर मीटर कोठून आणावयाचे?

आणि हे केवळ शेतापुरते नाही. आमच्या घरांतून तंबाखू कोठे कोठे असतो, याचा विचार करावा. आजोबांच्या चंचीत आहे, म्हाताऱ्यांच्या मिश्रीच्या डबीत आहे. विड्या वळणाऱ्या भगिनींच्या बोटांवर, पदरावर, सुपात आहे. तंबाखू मळलेल्या हातांनी पाने तोडली आणि त्याच हातांनी अळ्यांपुढे टाकली, तर वेगळा शत्रू शोधावयास नको. अळ्यांच्या खोलीत जाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि तेथे विडी ओढू नये, हा नियम इतर ठिकाणी शिस्तीचा भाग असेल. आमच्याकडे तो जीवनमरणाचा आहे. परदेशातील मुलांनाही हीच गोष्ट सांगावी, कारण निकोटीन सिगारेटीच्या बोटांवरही असते.

या मुलखाने तंबाखूपायी पुष्कळ सोसले आहे. 1981 सालचे निपाणीचे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन ज्यांनी पाहिले, त्यांना आजही ते दिवस आठवून शहारे येतात. शेतकऱ्याला पर्याय हवा ही मागणी जुनीच आहे, आणि त्या पर्यायांत तुतीचे नाव अधूनमधून घेतले जाते. आमचे मत विचाराल तर तुती हे एकट्यादुकट्याचे पीक नव्हे. एका शेतकऱ्याने तंबाखू सोडून तुती लावली आणि चार शेजाऱ्यांनी लावली नाही, तर फटका तुतीवाल्याला बसेल. शिवाराचा एक तुकडा सगळ्यांनी मिळून ठरवावा लागेल. ऊस वाढला आहे तेथे हे तुलनेने सोपे आहे, परंतु उसावर वा भाजीवर मारलेले औषध वाऱ्याने पाल्यावर आले तरी परिणाम तोच.

असो. अळी चार वेळा कात टाकते. कात टाकण्यापूर्वी ती मान वर करून दिवसभर निश्चल राहते. नवख्या माणसास वाटते की मेलीच. या वेळी तिला हलवू नये, पाला घालू नये. शेतकरी वरून थोडी चुन्याची पूड भुरभुरवतात, म्हणजे बिछाना कोरडा राहतो. चौथ्या कातीनंतरची अळी पांढरीशुभ्र, थंडगार आणि स्पर्शाला अगदी मखमली असते. मग तिची भूक पाहावी! जन्मभर खाल्लेल्या पाल्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला ती या शेवटच्या सात-आठ दिवसांत संपवते. पंचवीस दिवसांत तिचे वजन सुमारे दहा हजार पट होते. शंभर अंडीपुंजांना टनभर पाला लागतो. रात्री संगोपनगृहात उभे राहिले, तर हजारो जबड्यांचा आवाज पत्र्यावर पडणाऱ्या बारीक पावसासारखा येतो. ज्यांनी तो ऐकला आहे, ते विसरत नाहीत.

सरडा पाळणाऱ्या मुलांचे गणित चुकते ते येथेच. हौसेने पाचशे अंडी एकदम उबवली, की तीन आठवड्यांनी बोटाएवढ्या पाचशे अळ्या पुढ्यात येतात. एक सरडा त्या खाणार किती? म्हणून अंड्यांचा कागद कापून पन्नास-साठ अंड्यांचा तुकडाच बाहेर काढावा, आठवड्याने दुसरा. अळ्या थोड्या गारव्यात ठेवल्या तर त्यांची वाढ मंदावते, हेही उपयोगी पडते. सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठी अळी त्यास देऊ नये, असा पाळणाऱ्यांचा साधा ठोकताळा आहे. रेशमाची अळी या कामी पसंत केली जाते याची कारणे उघड आहेत: अंग मऊ, कठीण कवच नाही, प्रथिने चांगली, चरबी थोडी आणि पाण्याचा अंश भरपूर. ती उडी मारीत नाही, पळत नाही, चावत नाही, वास मारीत नाही. मात्र तिच्यातले कॅल्शियम एकट्याने पुरेसे नाही; ते भुकटीच्या रूपाने वरून लावावे लागते, नाहीतर सरड्याची हाडे मऊ पडतात.

आपल्याकडील मुलांनी मात्र हे वाचून बांधावरचा सरडा किंवा विहिरीकाठची घोरपड धरून आणू नये. ज्या मुलखात घोरपडे हे आडनाव मुधोळपासून कापशीपर्यंत अभिमानाने मिरवले जाते, तेथे घोरपडीबद्दल वेगळे सांगावयास नको. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड, तारा-कासव, रंग बदलणारा शॅमेलिऑन सरडा यांपैकी काहीही घरी ठेवणे हा गुन्हा आहे. हिरव्या इग्वानासारखा आंतरराष्ट्रीय करारातील यादीतला परदेशी प्राणी बाळगावयाचा, तर 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. इकडे या अळीचा उपयोग करून घेणारे प्राणी निराळे आहेत, ते म्हणजे कोंबड्या आणि मासे. धागा काढून झाल्यावर कोषातला जो मेलेला जीव उरतो, तो वाळवून, तेल काढून त्यांच्या खाद्यात घालतात. ईशान्येकडील काही लोक आणि कोरियातील माणसे तर तो स्वतः आवडीने खातात.

आणि येथे तो प्रश्न येतोच, ज्याला बगल देणे आम्हांस बरे वाटत नाही. कोष विणावयास बसलेली अळी डोके इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवीत तीन दिवसांत एकच अखंड धागा काढते. चांगल्या जातीत तो हजार मीटरपर्यंत भरतो. आतला पतंग बाहेर पडू दिला तर तो कोष भिजवून, भोक पाडून येतो, आणि धागा सलग उलगडत नाही. म्हणून कोष वाफेवर वा उष्ण हवेत धरून आतला जीव मारतात. आमच्या भागात स्तवनिधीच्या वाटेवरील गावांतून अनेक जैन घरे आहेत, ज्यांनी याच कारणाने रेशीम अंगाला लावलेले नाही. त्यांची भूमिका सरळ आहे. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोषांचे सूत कातून 'अहिंसा रेशीम' विणणारेही आहेत. ते वस्त्र कमी तकतकीत, पण अंगाला ऊबदार असते. ज्यांना शालू हवाच आहे, त्यांनी मात्र नातवाच्या सरड्याकडे पाहून नाक मुरडू नये. सरड्याच्या तोंडी एक अळी जाते. एका शालवात किती हजार कोष जातात, त्याचा हिशेब दुकानदार सांगत नाही.

ज्यांना मारावयाचे नाही आणि विणावयाचेही नाही, केवळ मुलांना दाखवावयाचे आहे, त्यांनी दहा-बारा अळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वाढवाव्यात. पाल्याला ताण पडणार नाही असे एक तुतीचे झाड परसात हवे. कानडीत त्यास हिप्पुनेरळे म्हणतात, आणि पावसाळ्यात बोटाएवढी फांदी खोचली तरी ते लागते. अळीचे अंग पिवळसर पारदर्शक दिसू लागले, तिने खाणे सोडले आणि मान वर करून ती काही शोधू लागली, की खोक्यात वाळल्या काटक्या ठेवाव्यात. शेतकरी यासाठी बांबूची 'चंद्रिका' वापरतात. कोष झाल्यावर दहा-बारा दिवसांनी पहाटे पतंग बाहेर येतात. मादी जागची हलत नाही. तिच्या गंधानेच नर तिच्याकडे येतो. तो गंध कशाचा, हे शोधण्यासाठी जर्मनीत बुटेनांट नावाच्या शास्त्रज्ञाने पाच लाख माद्यांपासून काही मिलिग्रॅम द्रव्य मिळविले आणि 1959 साली ते ओळखून दाखविले. कीटकांच्या अशा गंधाची जगातील ती पहिली ओळख होती.

त्या मादीखाली एक कोरा कागद अंथरावा. रात्रभरात ती त्यावर अंडी मांडून ठेवते, एकावर एक नव्हे, शेजारी शेजारी, पेरल्यासारखी. सकाळी त्या कागदावर तारीख घालावी आणि तो मिश्रीच्या डबीपासून दूर, सावलीत टांगावा.